निळ्या टोपीतला फोटो

१ जानेवारी, गुरुवार

साखर कारखान्याची डायरी यंदाही आली. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्यावर उपाध्यक्षांचा, तिसऱ्यावर दोघांचा मिळून. चौथ्या पानापासून माझी. एरवी ती वर्षभर टीव्हीखाली पडून असते. यंदा लिहायचं ठरवलंय, कारण नवरा, अभिमन्यू, परत आला की त्याला वर्षभराचं काहीतरी सांगता आलं पाहिजे. फोनवर मला नेमकं काही आठवत नाही. 'जेवलात का' आणि 'आवाज येतोय का' यातच फोन संपतो. (त्याला आत्यांसमोर अहो-जाहो, डायरीत अरे-तुरे. डायरी माझी आहे.)

तो फौजेत आहे, आणि ऑक्टोबरपासून मिशनवर. मिशन म्हणजे युनोची शांतिसेना, आफ्रिकेतला एक देश. नाव लिहीत नाही, ठिकाण कुणाला सांगायचं नाही असं त्यानं बजावलंय. आपले जवान दुसऱ्याच्या देशात जाऊन तिसऱ्यांच्या भांडणात मधे उभे राहतात, असं त्यानं आम्हाला समजावलं होतं. आत्या म्हणाल्या, "म्हंजी बांधावरल्या भांडनात पाटलानं मदी उभं ऱ्हावं तसं."

"तसंच, आई. फकस्त पाटलाला कुनी गोळी घालत न्हाई," तो म्हणाला आणि एकटाच हसला.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, विमलबाई. मामंजी गेले त्याला सहा वर्षं झाली. घरात आत्या, मी आणि चार वर्षांची आरोही. गावापासून जवळच, वडवणीत बसस्टँडजवळ, माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, गिऱ्हाइकांना एक बाक. मी डिझाइन करते, फाइल माजलगावला मशीनवाल्याकडे जाते, आणि छापलेली गुंडाळी एसटीनं येते. तालुक्यात कुणाचंही बारसं, वाढदिवस, निवड, निषेध किंवा दहावा माझ्या हातून गेल्याशिवाय पार पडत नाही. माझा नियम एकच. वाचता न येणाऱ्यालाही लांबून कळलं पाहिजे. म्हणून वाढदिवसाला पिवळा-केशरी, निषेधाला काळ्यावर लाल, श्रद्धांजलीला पांढरी जमीन, एक ज्योत आणि खाली दोन फुलं. आत्यांना अक्षरओळख नाही, पण एसटीच्या खिडकीतून त्या बरोबर सांगतात कुठे काय आहे.

उतरवलेले फ्लेक्स वाया जात नाहीत. ऊसतोडीला जाणारे लोक कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, टाकायला नेतात. आमच्या कडब्याच्या गंजीखालीही ओल लागू नये म्हणून तीन पुढाऱ्यांचे वाढदिवस अंथरलेले आहेत.

अभिमन्यूची निवड झाली तेव्हा गावच्या फाट्यावर लावायचा अभिनंदनाचा फ्लेक्स अर्थात मीच केला. त्यानं निळ्या टोपीतला फोटो पाठवला होता. मागची भिंत कापता कापता डाव्या कानावरचा टोपीचा एक कोपरा माझ्याकडून कापला गेला. तीन आठवडे तो फ्लेक्स फाट्यावर होता आणि येता-जाता मला तेवढंच दिसायचं.

४ जानेवारी, रविवार

व्हिडिओ कॉल झाला. आत्या फोन इतका जवळ धरतात की त्याला नुसतं कपाळ दिसतं. तो म्हणाला, "आई, कपाळ बरं हाय तुझं. बाकीची कशी हायेस?" आत्या इतक्या हसल्या की फोन पडला.

तिकडच्या बायका आपल्यासारख्याच लांबून पाणी आणतात, आणि लेकरं आपल्या जवानांना बघून 'नमस्ते' ओरडतात म्हणे. आरोहीनं विचारलं, "पप्पा, तिथं भांडण मिटलं का?" तो म्हणाला, "न्हाई गं माय, अजून चालूच हाय."

एक गोष्ट लिहून टाकते, कारण कुणाला सांगितलेली नाही. जूनमध्ये मिशनसाठी नावं मागवली तेव्हा त्यानं दुकानात फोन केला होता. "नाव देऊ का? तू न्हाई म्हन, मी न्हाई देत." मी म्हणाले, "द्या. जा." तो जन्मला उसाच्या फडात, वाढला कारखान्याच्या कोपीत, आणि पुढे छावणी ते छावणी. त्यानं विमानात बसावं, समुद्र वरून बघावा असं मला वाटलं. आत्यांना वाटतं त्याला साहेबांनी पाठवलं. वाटू दे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. ज्वारीला हुरडा आलाय. निम्मं गाव तोडीला गेलंय, त्यामुळे तिळगूळ द्यायला घरं शोधावी लागली.

१८ जानेवारी, रविवार

कॉल फक्त दोन मिनिटं. गस्तीवर निघालेत, दोन-तीन दिवस फोन लागणार नाही. आरोहीला म्हणाला, "आजीला तरास दिऊ नको." मला म्हणाला, "राणी, त्या टोपीचं मनावर घेऊ नको, पुढचा फोटो चांगला पाठवतो." तो कान त्याच्याही लक्षात आहे तर.

२० जानेवारी, मंगळवार

गस्तीच्या गाड्यांवर हल्ला झाला. पाच भारतीय जवान बेपत्ता.

दुकानात मोबाइलवर बघितलं. नावं दिलेली नाहीत. पलटणीचा नंबर लावला. सुभेदार साहेब शांतपणे म्हणाले, "तपास चालू आहे, ताई. पक्कं कळल्याशिवाय बोलणार नाही. तुम्हीही दुसऱ्या कुणाचं ऐकू नका." मग शिरूर कासारच्या मोहिनीला फोन केला. तिचा नवरा याच पलटणीत लंगरमध्ये स्वयंपाकाला आहे. ती आधीच रडत होती. पाचात अभिमन्यू आहे.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. टीव्हीच्या मागची केबलची तार उपटून ठेवली. आत्यांना म्हणाले, केबल गेली. आत्या म्हणाल्या, "गेली तं गेली. मरूं दे तिला." रोज आठच्या मालिकेसाठी भाकरी लवकर उरकणारी बाई, एका शब्दानं कुरकुरली नाही. बरंच झालं. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही. मामंजी गेल्यापासून त्यांना रक्तदाबाची गोळी आहे.

त्यांनी आज दूध उतू घालवलं. त्यांचं असं कधी होत नाही.

२१ जानेवारी, बुधवार

दिल्लीत भांडण पेटलंय. विरोधी पक्ष म्हणतो, सरकारनं जुन्या गाड्या देऊन जवानांना परक्या आगीत लोटलं. सरकार पक्ष म्हणतो, मिशनच्या कागदावर सही तुमच्याच राजवटीतली. तुम्ही पाठवलं, नाही तुम्ही पाठवलं, असं चाललंय. दिल्लीत जे सकाळी होतं ते वडवणीत दुपारी होतं. इथे सरकार पक्षाचे विजयसिंहदादा आणि विरोधातले रविराजभैय्या, सख्खे चुलतभाऊ. दोघांची नाकं सारखी, फोटो उलटा लावला तर मीसुद्धा फसते.

दुपारी दोघांचे कार्यकर्ते एकाच बाकावर येऊन बसले. आमच्याच गावचा अजिनाथ हा दादांचा आणि अमरसिंह हा भैय्यांचा. दोघांनाही 'जाहीर निषेध' हवा, आठ बाय दहा. दोघांनी मोबाइलमधून जवानांचा एकच फोटो काढून दिला, आणि तो भलत्याच देशाच्या फौजेचा.

"टोपी निळी हाय की, वहिनी," अजिनाथ म्हणाला.

"टोपी निळी सगळ्यांचीच असते. हे आपले लोक नाहीत."

हात चालू होते माझे. काळी जमीन, लाल अक्षर. खोटं कशाला लिहू, काम करताना बरं वाटत होतं. मग अमरसिंह हळूच म्हणाला, "वहिनी, आमी आयकलं. अभिमन्यूचा फोटो टाकायचा का वर? लोकांना आपला मानूस कळंल."

"नाही."

"त्यांनी टाकला तं? आमी मागं पडू."

"आमी कावून टाकू?" अजिनाथ म्हणाला. "तुमी टाकला तरच टाकू."

मी कॉम्प्युटर बंद केला. म्हणाले, मशीन बिघडलंय, दोघांनी माजलगावला जा. माझ्या नवऱ्याचा चेहरा निषेधाला मिळणार नाही आणि समर्थनालाही नाही. दोघं निघाले. बाहेर एका गाडीवर बसून गेले, कारण अजिनाथच्या गाडीत पेट्रोल नव्हतं.

दोघांच्या पाया पडून सांगितलं होतं, माझ्या सासूच्या कानावर घालू नका. दोघांनी शप्पथ घेतली.

२२ जानेवारी, गुरुवार

पुढाऱ्यांनी शप्पथ घेतलेली नव्हती. सकाळी विजयसिंहदादा घरी आले. अर्ध्या तासात रविराजभैय्याही आले. वसरीवर एकच बाज, त्यामुळे दोघा भावांना शेजारी बसावं लागलं. मी आत्यांना मागच्या दारानं शेळीला पाला आणायला पाठवलं होतं, पण गाड्यांचा धुरळा बघून त्या परत आल्या. आत्यांना एवढंच कळलं असावं की मिशनवरून काही राजकारण चाललंय. 'बेपत्ता' हा शब्द कुणी काढू नये म्हणून मी दोघांकडे डोळे वटारून उभी होते.

दादांचं म्हणणं, मी पत्रकारांसमोर सांगावं की सरकार पूर्ण प्रयत्न करतंय. भैय्यांचं म्हणणं, मी तहसीलसमोर धरण्याला बसावं. मग दोघं एकमेकांवरच घसरले.

"सही कुनाच्या राज्यात झाली? पाठवलं कुनी?"

"फुटक्या गाड्या कुनी दिल्या? खरं पाठवलं तुमी!"

"पाठवलं कुनी, ह्याचा आज निकाल लागूच द्या!"

आत्यांनी पाल्याचा भारा खाली टाकला. "म्या पाठवलं," त्या म्हणाल्या.

दादांनी भैय्यांकडे बघितलं, भैय्यांनी दादांकडे.

"माझं लेकरू हाय, म्या पाठवलं. लागला निकाल. आता च्या पिऊन जावा. आन माझी सून कुनाच्या सतरंजीवर बसनार न्हाई. तिला बसायचं तं तिच्या वसरीवर बसंल."

चहा न पिताच दोघं गेले. काय सुचलं आत्यांना, त्यांची तोंडं बंद करायला! मला त्या क्षणी त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. आणि लगेच लाजही वाटली. 'मी पाठवलं' हे मी म्हणायला हवं होतं. पण म्हणाले नाही.

मोहिनीचा फोन, अजून काही नाही. दादांचा माणूस आणि भैय्यांचा माणूस दिल्लीत एकाच अधिकाऱ्याला फोन करतात म्हणे, आणि तो दोघांना एकच उत्तर देतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

उठले तर आत्या घरात नव्हत्या. उजाडताना परत आल्या. लुगडं गुडघ्याजवळ फाटलेलं, दोन्ही हातांवर ओरखडे, लंगडत होत्या. "बाभळीचं काटं काढाय गेलते," म्हणाल्या. पहाटे बाभळीशी काय काम निघालं देव जाणे. हळद लावायला गेले तर हात मागे घेतला. मग मुकाट्यानं लावू दिली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. "काय झालं आत्या?" म्हटलं, तर म्हणाल्या, "काय न्हाई. तुजं कपाळ बगते. आज मोठं कुकू लाव."

माळ्याची शिडी अंगणात आडवी पडली होती. शेळीनं पाडली असणार.

दुकानात गेल्यावर कळलं. काल रात्री एका वाहिनीनं तासभर 'पाचही जवान शहीद' अशी पट्टी चालवली. मग चूक झाली म्हणून मागे घेतली. वाचून मी बाकावरच बसले. सुभेदार साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, मी सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. शोध चालू आहे." केबल उपटायची बुद्धी मला झाली याबद्दल देवाचे आभार मानले. तो तास आत्यांच्या वाट्याला आला असता तर?

माजलगावच्या मशीनवाल्याचा फोन आला. "ताई, सगळं ठीक हाय ना?" म्हटलं हो. "काय न्हाई, असंच," म्हणून ठेवला. याला माझी इतकी काळजी कधीपासून?

संध्याकाळी सारजाबाईंकडे हळदीकुंकू होतं. शेजारचंच घर. माझं मन नव्हतं, पण आत्यांनी जवळजवळ ढकललं. स्वतःच्या ट्रंकेतला माझ्या लग्नातला हिरवा चुडा काढून हातात भरला. "जा. समद्यांच्या मदी बस. वाण घे." मी घरात पाऊल टाकलं आणि बायका बोलायच्या थांबल्या. सारजाबाई उठून आल्या, माझ्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू लावलं आणि त्यांचे डोळे भरले. "तू औक्षवंत सवाशीन हायेस," म्हणाल्या. जवानाच्या बायकोचा लोक किती मान ठेवतात, आज कळलं.

२४ जानेवारी, शनिवार

आरोहीनं जेवताना विचारलं, "पप्पांना थंडी वाजत नाही का कडब्यात?"

"कडब्यात कुठले पप्पा?"

"आजीनं झोपवले. घडी करून."

आत्यांनी तिच्या तोंडात घास कोंबला. "सपान पडलं लेकराला," म्हणाल्या. बापाची आठवण येते आणि बोलता येत नाही, तर पोर असलं काहीतरी बोलते. मी परसात जाऊन रडून घेतलं. आत्यांना दिसू नये म्हणून तोंड धुऊन आले. त्याही तोंड धुऊन आल्या होत्या, चुलीचा धूर डोळ्यात गेला म्हणून. आज चूल पेटवलीच नव्हती, गॅसवर केलं होतं. वय झालं की विसरायला होतं.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदनाला दादा आणि भैय्या दोघांनी एकच दोरी धरली होती. वेळ थोडा जास्त लागला, पण झेंडा वर गेला.

अजिनाथ दिसला आणि वाट बदलून गेला. आत्या सोबत होत्या. त्यांच्या तोंडून काहीतरी निघालं, मला नीट ऐकू आलं नाही, पण शेळीबद्दल असावं. परवा त्याच्याशी शेळीवरून भांडण झालं असं त्याच म्हणाल्या होत्या. आत्यांनी माळ्यावरचा जुना कोयता काढून धारवाल्याकडे दिलाय. तोडीला जायचं सोडून सहा वर्षं झाली. धारवाला विचारत होता, याच्या पात्याला तारेनं दाते कसे पडले.

सातवा दिवस. मला आता वाईट विचार येतात. लिहीत नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सापडले!

पाचही. जिवंत. नदीपलीकडच्या एका गावात तिथल्या लोकांनी लपवून ठेवलं होतं. अभिमन्यूच्या उजव्या मांडीत गोळी होती, काढली. सुभेदार साहेबांनी आधी सांगितलं, मग तासाभरानं त्यालाच फोन जोडून दिला. मी दुकान उघडं टाकून घरी पळत आले होते, व्हिडिओ कॉल घरीच आला.

"राणी," म्हणाला, "मका खाऊन खाऊन पोट बिघडलंय." आत्यांनी फोन ओढून कपाळाला लावला. तो म्हणाला, "आई, कपाळ दिसतंय. बरं वाटलं." आत्या खाली बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. बातमी एकदम अंगावर आली बिचारीच्या. मी समजावलं, "आत्या, तुम्हाला सांगितलं नव्हतं मी, सात दिवस ते बेपत्ता होते." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आसं व्हय? सोसलंस गं बाई एकलीनं."

मग न राहवून बोलूनच गेले. "जूनमध्ये त्यांनी मला विचारलं होतं. मीच म्हणाले जा."

फोनमधून त्याचा आवाज आला, "तुला मागून इचारलं गं. आदी आईला इचारलं. ती जा म्हनली, तवा तुला फोन केला."

म्हणजे त्या दिवशी वसरीवर आत्या खरंच बोलत होत्या.

२९ जानेवारी, गुरुवार

आता दोघांना दुसरा फ्लेक्स हवाय. 'दादांच्या पाठपुराव्याला यश.' 'भैय्यांच्या आंदोलनाला यश.' पाठवताना दुसऱ्यानं पाठवलं, सुटका मात्र दोघांनी केली. मी दोघांनाही सांगितलं, ज्या गावानं लपवून ठेवलं त्या गावाचा फोटो आणा, मोठा लावते.

२८ फेब्रुवारी, शनिवार

पुढच्या शनिवारी अभिमन्यू येतोय, सुट्टीवर. काठी घेऊन चालतो. ज्वारी निघाली, नवा कडबा आलाय. उद्या जुनी गंज हलवायची. आत्या म्हणतात त्या करतील. त्यांचा गुडघा अजून धड नाही.

१ मार्च, रविवार

आत्या देवळात गेल्या होत्या. म्हटलं, तेवढ्यात उरकून टाकू.

भिंतीकडच्या पेंढ्या उचलल्या तर खाली वाढदिवसांच्या वर एक कोरा फ्लेक्स दिसला. घट्ट घडी केलेला, आत छापील बाजू. चार कोपऱ्यांच्या कड्यांना तोडलेल्या तारा तशाच. उघडला.

पांढरी जमीन. एक ज्योत. खाली दोन फुलं. मधे अभिमन्यू, निळ्या टोपीत, डाव्या कानावर टोपीचा कोपरा नाही. माझंच डिझाइन. माजलगावच्या मशीनवर माझी ऑक्टोबरची फाइल होती, तिच्यातलं 'हार्दिक अभिनंदन' काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं होतं. खाली तारीख २३ जानेवारी, शोकाकुल विजयसिंहदादा मित्रमंडळ, आणि शेवटी बारीक अक्षरात अजिनाथ. त्या एका तासात, दुसऱ्या पार्टीच्या आधी आपला लागावा म्हणून.

मी कडब्यात बसून राहिले. शिडी, कोयता, फाटलेलं लुगडं, हिरवा चुडा. पहाटे फाट्यावर वाचता न येणाऱ्या बाईनं लांबूनच वाचलं होतं. माझा नियमच तो. आणि वाचून ती पोराच्या नावानं रडत बसली नाही. घरची शिडी नेऊन वर चढली, कोयत्यानं तारा तोडल्या आणि मी उठायच्या आत ते खाली काढलं. नंतर लंगडत घरी येऊन मला म्हणाली, मोठं कुंकू लाव. फाडलं नाही, जाळलं नाही, कारण चेहरा त्याचा होता. चार दिवस ती हे खरं की खोटं न कळता माझ्यासमोर बसून जेवली. आणि मी डायरीत लिहीत होते, आत्यांना काही कळू देणार नाही.

लाज वाटली. आणि मायाही आली.

घडी होती तशीच केली. तशीच ठेवली. पेंढ्या परत लावल्या. आत्या आल्यावर म्हणाले, "भिंतीकडची बाजू राहू द्या आत्या, नवा कडबा वरूनच रचू." त्या म्हणाल्या, "बरं."

८ मार्च, रविवार

काल तो आला. फाट्यावर दोन फ्लेक्स होते, मी केलेले नाहीत. तो त्यांच्या मधून काठी टेकत आला. आरोही त्याच्या चांगल्या पायाला जी चिकटली ती अजून सुटलेली नाही. दिसायला वाळलाय, पण बोलणं तेच.

आज दुपारनंतर त्याला बसवेना. "म्हशीला दोन पेंढ्या टाकतो," म्हणत काठी घेऊन गंजीकडे निघाला, आणि नेमका भिंतीकडून हात घातला.

"तू नगं, मी काढते!"

"तुम्ही नका, मी काढते!"

आत्या स्वयंपाकघराच्या दारातून ओरडल्या होत्या आणि मी न्हाणीपाशी. एकाच वेळी, एकच वाक्य. तो दचकला.

"काय झालं? साप हाय काय?"

"हाय," आत्या म्हणाल्या.

"मेलेला आहे," मी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं, नजर काढली नाही. त्या पदरानं हात पुसत राहिल्या, पुसलेलेच हात पुन्हा पुसत. मग मी गेले, वरच्या दोन पेंढ्या काढून म्हशीला टाकल्या. तो म्हणाला, "दोघींचं बेस जमतंय की, मी नसताना."

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. पाच महिन्यांनी लेक घरी आलेला, त्याच्या आवडीचं आमसुलाचं सार आणि बाजरीची भाकरी. ताट पुढे घेऊन तो वाट बघत होता. आत्यांनी तव्यावरची पहिली भाकरी काढली, फुंकर मारली, आणि माझ्या ताटात वाढली.

"आन मी?" तो म्हणाला.

"थांब की. तुझी दुसरी."